उत्तरेच्या खोलीतला सूर्य

श्रीधर, माझे यजमान, आषाढात गेले. त्याआधी वैशाखात त्यांनी माझ्याकडे एक गोष्ट मागितली होती. सूर्यावरचा डाग मला दाखव, म्हणाले. फोटोतला नको, खरा. ते तेव्हा पलंगावरून उठू शकत नव्हते. आमची झोपायची खोली उत्तरेला तोंड करून आहे, आणि पूर्वेच्या शेजाऱ्यांनी मजला चढवल्यापासून तिथे बाराही महिने ऊन येत नाही. शिवाय डाग सूर्याच्या कडेकडे निघाला होता.

दिवाळी अंकासाठी तारामंडलातल्या नोकरीच्या गमतीजमती लिहा, असं संपादकांनी सुचवलं तेव्हा मी हो म्हटलं. पण लिहायला बसलं की पेन त्या एका सकाळपाशी जाऊन थांबतं. तेव्हा गमती सांगते, पण त्या सकाळपर्यंत पोचायला लागतील तेवढ्याच.

मी झाशीतल्या एका छोट्या तारामंडलात निवेदिका होते. ज्यांनी तारामंडल पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी: एक पांढरा घुमट, त्याखाली मागे रेलणाऱ्या खुर्च्या, मधोमध मुंगळ्यासारखं दिसणारं एक काळं यंत्र. ते यंत्र घुमटावर तारे पाडतं. कोपऱ्यातल्या मेजावर लाल कागद गुंडाळलेला एक मिणमिणता दिवा असतो आणि त्याच्याशी माइक घेऊन एक बाई बसलेली असते. ती बाई मी. घरात मराठी, माइकवर हिंदी आणि गेटवर चणे विकणाऱ्या काकांशी बुंदेली, अशी माझी तिहेरी नोकरी होती.

या धंद्यातलं पहिलं कसब म्हणजे सूर्य मावळवणं. नवा माणूस दिवे एकदम घालवतो. मग पोरं किंचाळतात, बाया पर्स घट्ट धरतात आणि तारा एकही दिसत नाही, कारण डोळे अजून बाहेरच्या उन्हातच असतात. सूर्य हळूहळू उतरवावा लागतो. आमच्या घुमटाच्या कडेला चहूबाजूंनी झाशीची काळी आकृती रंगवलेली होती: किल्ला, पाण्याची टाकी, रेल्वेचा सिग्नल. लोक आपलं घर शोधत बसायचे आणि तेवढ्यात मी पश्चिमेला तांबडं करून घ्यायची. बोलत राहायचं, आवाज थोडा थोडा खाली आणायचा. शेवटचा उजेड गेला हे कुणाला कळता कामा नये. मग वर बघा म्हटलं की शंभरदा पाहिलेल्या माझ्याही छातीत काहीतरी हलायचं.

उन्हाळ्यात आमच्याकडे सगळ्यात जास्त गर्दी व्हायची ती थंड हवेसाठी. एकदा सगळं वऱ्हाड आलं. नवरदेवाचे मामा पहिल्या रांगेत झोपले आणि असे घोरायला लागले की माझा शनी मला त्यांच्या तालावर उगववावा लागला. शेवटी नवरीनेच हळूच विचारलं, "मैडम, ये भी शो में है क्या?"

बबीन्याच्या छावणीतून एक सुभेदार आले होते. शो संपल्यावर सगळे चपला शोधत असताना ते माझ्या मेजापुढे ताठ उभे राहिले.

"मैडम, सूरज फूलकर लाल हो जाएगा, आपने बताया। उसके बाद?"

"बाहर का हिस्सा उड़ जाएगा। बीच में छोटा-सा सफ़ेद गोला बचेगा। उसे श्वेत वामन कहते हैं।"

"उसके बाद?"

"धीरे-धीरे ठंडा होगा।"

"उसके बाद?"

"अंधेरा, साहब।"

"ठीक है," ते म्हणाले, "पर रिपोर्ट अधूरी है।" पुढच्या महिन्यात ते आपल्या तुकडीतल्या जवानांच्या बायकांना घेऊन आले आणि दारातच मला म्हणाले, "आज ये लोग पूछेंगी। मैं सिर्फ़ सुनूँगा।" बायकांनी त्यांच्यापेक्षा कठीण प्रश्न विचारले.

पण माझं सगळ्यात आवडतं गिऱ्हाईक म्हणजे बरुआसागरचे एक आल्याचे शेतकरी. मंडईत माल टाकून, बसला वेळ आहे म्हणून आत शिरले होते. मी सांगत होते की मोठा तारा लवकर मरतो, छोटा खूप जगतो. अंधारातून आवाज आला, "जा बात हमें नईं जमी। जीके लिंगा जादा माल, ऊ पैलें काए निपट जैहे?" ज्याच्याकडे जास्त माल तो आधी कसा संपेल, हा त्यांचा सवाल. शो चालू असताना प्रश्न घ्यायचे नाहीत असा नियम होता. मी तारे तसेच थांबवले आणि म्हटलं, "दाऊ, आपके गाँव में बड़ा कुआँ है क्या, रात-दिन मोटर वाला? और कोई छोटा कुआँ, रस्सी-बाल्टी वाला?" ते हसले. "समझ गए, बाई। मोटर बारो कुआँ जेठ में सूक जात।"

मोटरवाली विहीर ज्येष्ठात आटते; ताऱ्याचं अगदी तसंच असतं. मोठ्या ताऱ्याच्या पोटात दाब जास्त, म्हणून तिथली भट्टी भयंकर वेगाने जळते. आपला सूर्य दोरी-बादलीचा आहे. अर्धं आयुष्य झालं, अर्धं बाकी आहे, आणि ते अर्धंसुद्धा माणसाच्या हिशेबात मावणार नाही इतकं लांब आहे. त्या दिवसापासून मी ग्रंथातलं उदाहरण टाकून दिलं आणि विहिरीचं धरलं.

सकाळच्या वेळी, शो नसताना, मी फाटकाशी दुर्बीण लावायची. तिच्यातून बघायचं नाही, तिच्यामागे पांढरा पुठ्ठा धरायचा. पुठ्ठ्यावर सूर्य उतरतो. तरीही दर गटात एखादा शहाणा डोळा लावायला पुढे येणारच. त्यासाठी मी वाळलेलं पान जवळ ठेवायची. ते दुर्बिणीच्या मागच्या भिंगाशी धरलं की क्षणात धूर. मग सगळे एक पाऊल मागे.

पुठ्ठ्यावरचा सूर्य काही वर्षं अगदी कोरा असायचा. साधारण अकरा वर्षांनी त्याला जोम चढतो, उतरतो, पुन्हा चढतो. जोमाच्या दिवसांत त्याच्या अंगावर काळे डाग येतात. ते काळे नसतात खरं तर. आजूबाजूपेक्षा जरा थंड असतात, म्हणून काळे दिसतात. सूर्यापासून तोडून एकटाच आकाशात टांगला तर तो डागही डोळे दिपवील. सूर्याचं सगळं अंग तापलेला वायू आहे, त्यामुळे तो एका वेगाने फिरतही नाही. पोटाकडचा भाग लवकर फेरी मारतो, डोक्याकडचा रेंगाळतो. त्यात त्याच्या चुंबकत्वाच्या रेषा पिळल्या जातात. पीळ जिथे वर उसळतो तिथे डाग. आणि पीळ तुटला की वादळ सुटतं, ते कधी कधी आपल्यापर्यंत येतं.

हे सगळं मी झाशीतल्या किती जणांना सांगितलं असेल. श्रीधर मात्र कधी आले नाहीत. ते रेल्वेच्या सिग्नल विभागात होते. कधी पाळी, कधी कुठे तरी तार तुटलेली, रविवारी तर हमखास. "रिटायर झालो की पहिल्या रांगेत बसतो," असं म्हणायचे. ते निवृत्त झाले तोवर मीही निवृत्त झाले होते आणि घुमटाखाली रेकॉर्ड केलेला आवाज बोलायला लागला होता. चांगला आवाज आहे. पण त्याला कुणी मधेच "जमी नईं" म्हणू शकत नाही. मग श्रीधरांचं दुखणं निघालं, हाडांत पसरलं, आणि सीपरी बाजारातल्या आमच्या दुसऱ्या मजल्यावरून खाली उतरणंच संपलं. जिना इतका अरुंद की डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, यांना उचलून कुठेही न्यायचं नाही, गच्चीवरसुद्धा.

वैशाखात बातमी आली की सूर्यावर डागांचा मोठा थोरला समूह आला आहे. माझ्याकडे ग्रहणाचा चष्मा होता. गच्चीवर जाऊन तो लावला आणि दुर्बिणीशिवाय, नुसत्या डोळ्यांना, डाग दिसला. जन्मभर पुठ्ठ्यावर पाहिलेली गोष्ट थेट आकाशात. मी जिना कशी उतरले मला आठवत नाही. गुडघे माझेही धड नाहीत.

"अहो, दिसतोय. नुसत्या डोळ्यांना दिसतोय. आपल्या कितीतरी पृथ्व्या ओळीने मावतील एवढा आहे."

श्रीधरांनी मान वळवली. "वादळ येणार?"

"आलंच. लडाखला रात्री आकाश लाल झालं होतं म्हणे."

"तारांवर परिणाम होतो?"

मग मी त्यांना सांगितलं की पूर्वी तारायंत्राच्या काळात असं एक वादळ आलं होतं, तेव्हा यंत्रातून ठिणग्या उडाल्या आणि काही ठिकाणी बॅटरी काढून टाकल्यावरही संदेश जात राहिले. नुसत्या सूर्याच्या जोरावर. इतक्या वर्षांत त्यांचा चेहरा माझ्या कुठल्या गोष्टीने असा उजळलेला मी पाहिला नव्हता. सिग्नलवाल्याला एवढं पुरे होतं.

"जो माझ्या तारांत शिरू शकतो," ते म्हणाले, "तो मला बघायलाच हवा. दाखव."

मी मोबाइलवर बातमीतला फोटो उघडून दिला. त्यांनी तो बाजूला ठेवला. "हा सगळ्या जगाने पाहिलाय. मला खरं ऊन पाहिजे."

दुर्बीण सरकारी होती, ती कधीच परत केलेली. पण एक युक्ती मला ठाऊक होती, ती शाळांमध्ये केलेली. लहानसा आरसा घ्यायचा, त्यावर काळा कागद चिकटवायचा, कागदाला हरभऱ्याएवढं भोक पाडायचं. हा आरसा लांबून, पुष्कळ लांबून, अंधाऱ्या खोलीत कवडसा टाकतो. भोक चौकोनी असलं तरी कवडसा गोलच पडतो, कारण तो भोकाचा आकार नसतो. ते सूर्याचं चित्र असतं. जितकं अंतर जास्त, तितकं चित्र मोठं. डाग मोठा असेल तर तोही त्यात येतो.

पुढचे दोन दिवस मात्र आंधी. झाशीच्या वैशाखात वारा सुटला की आकाश ताकासारखं होतं. त्या दोन दिवसांत डाग सूर्याबरोबर फिरत कडेला सरकला असणार, हे मला दिसत नसलं तरी माहीत होतं. सूर्याचा कुठलाही डाग आपल्याला पंधरवडाभरही दिसत नाही, मग तो पलीकडे जातो. श्रीधरांनी दोन्ही दिवस एकच प्रश्न विचारला. "राहिलाय ना अजून?" मी राहिलाय म्हणायची.

तिसऱ्या दिवशी पहाटे वारा पडला. आमच्या खिडकीतून उत्तरेला तीन घरं सोडून तिवारीजींची गच्ची दिसते. तिवारीजी रेल्वेचे निवृत्त गार्ड. उजव्या कानाने ऐकू येत नाही. इंजिनच्या शिट्टीने गेला असं ते अभिमानाने सांगतात. ते तुळशीला पाणी घालत होते. मी तशीच त्यांच्याकडे गेले आणि सगळं सांगितलं.

"मतलब मैं इधर से सूरज भेजूँ और श्रीधर भैया उधर ले लें?" तिवारीजींनी विचारलं.

"हाँ, बस इतना ही।"

"माल बुक हो गया," ते म्हणाले आणि दाढीचा आरसा काढायला आत गेले.

मी भोकाचा काळा कागद आरशावर चिकटवला, पण तो हव्या त्या कोनात टेकवायला काही मिळेना. तिवारी भाभींनी पोळ्यांसाठी मळलेल्या कणकेचा गोळा आणून स्टुलावर थापला. त्यात आरसा खोचला. कणीक म्हणजे या कामासाठी उत्तम वस्तू: बोटाने जराशी दाबली की आरसा जरासाच झुकतो. कुठल्याच प्रयोगशाळेत मला इतकी नरम तिवई मिळाली नसती.

प्रश्न होता निरोपाचा. कवडसा कुठे पडतो ते तिवारीजींना तिकडून दिसणार नव्हतं, कुणीतरी खिडकीतून सांगायला हवं. आम्ही फोन करून पाहिला. ते नेमका बहिरा कान लावायचे. "हैलो? ऊपर? किसके ऊपर?" शेवटी त्यांनीच आपल्या जुन्या झंड्या काढल्या, एक लाल, एक हिरवी, आणि म्हणाले, "भाभीजी, ये पकड़ो। इसमें कान नहीं लगता।"

मी घरी आले. खिडकीवर गोधडी टांगली, एका बाजूला फट ठेवली. श्रीधरांचा पलंग खिडकीसमोरच्या भिंतीला लागून आहे. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून त्यांना आळीपाळीने कुशीवर वळवावं लागे. त्यांना भिंतीकडे तोंड करून वळवलं, म्हणजे उजेड मागून येईल आणि डोळ्यांत जाणार नाही. मग मी फटीतून हात बाहेर काढला.

कवडसा आधी खालच्या मजल्यावर पडला, मग शेजाऱ्यांच्या वाळत घातलेल्या चादरीवर, मग आमच्या खिडकीच्या चौकटीवर. आणि मग एकदम आत. भिंतीवर वरच्या बाजूला एक फिकट, थरथरता, जेवणाच्या ताटाएवढा गोल. मी आनंदाने हिरवी झंडी जोरात हलवली, म्हणजे बरोबर, शाबास, अगदी हेच.

कवडसा गेला.

पुन्हा शोधाशोध. पुन्हा चौकट, पुन्हा भिंत. मी पुन्हा हिरवी दाखवली. पुन्हा गेला. तिसऱ्यांदा तर तो आला आणि मी हात बाहेर काढताच असा पळाला की जणू त्याला माझा राग आला होता. सूर्य वर चढत होता आणि पश्चिमेकडून परत धूळ उठेल की काय ते सांगता येत नव्हतं.

"तू त्यांना काय दाखवतेस?" श्रीधरांनी भिंतीकडे तोंड ठेवूनच विचारलं.

"हिरवी. बरोबर आहे म्हणून."

ते हसायला लागले. हसताना त्यांना दुखायचं, तरी हसत राहिले. "अगं, तो गार्ड आहे. हिरवी दाखवलीस तर तो गाडी सोडणारच. बरोबर जागी आली की लाल दाखवायची."

माझ्या डोक्यात हिरवा रंग म्हणजे शाबासकी. तिवारीजींच्या हातांत जन्मभर हिरवा म्हणजे चलने दो. मी प्रत्येक वेळी त्यांना सूर्य पुढे काढायला सांगत होते आणि ते बिचारे इमानदारीने काढत होते.

कवडसा परत आला तशी मी लाल झंडी धरली. तो थांबला.

दाबलेली कणीक बसेपर्यंत गोल जरा थरथरला, मग स्थिर झाला. मी पलंगाशी आले. कडेपासून चार बोटं आत एक करडा ठिपका होता. लांबट, जरा फाटल्यासारखा. मी कधीच इतका साधा सूर्य पाहिला नव्हता: ना भिंग, ना दुर्बीण, दाढीच्या आरशातून आलेला.

"तो?" श्रीधर म्हणाले.

"तो."

मी नेहमीप्रमाणे सांगायला सुरुवात केली की हा प्रकाश इथे पोचायला आठ मिनिटं लागतात. त्यांनी बोट वर करून मला थांबवलं.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. तिवारीजींनी आरशापाशी आपल्या भाच्याला बसवलं होतं आणि "डिलीवरी हुई कि नईं" हे बघायला स्वतः आले होते. मागोमाग भाभी आणि खालच्या फ्रिज दुरुस्तीच्या दुकानातले असलम भैया. सगळे अंधारात पलंगाच्या पायथ्याशी दाटीवाटीने उभे. शो सुरू होण्याआधी घुमटाखाली असायची तशी शांतता. मी सवयीने घसा साफ केला, पण श्रीधरांनी आधी सुरुवात केली. भिंतीकडे तोंड करूनच, हळू आवाजात, हिंदीत.

"ये गिरता क्यों नहीं, मालूम? इतना वज़न है, अपने ही वज़न से अंदर बैठ जाना चाहिए। और अंदर इतनी आग है, फट जाना चाहिए। समझो एक गाड़ी है, दोनों तरफ़ इंजन लगा है, दोनों उलटी तरफ़ पूरा ज़ोर खींच रहे हैं। इसलिए गाड़ी प्लेटफ़ॉर्म पर खड़ी है। जिस दिन एक इंजन का कोयला खत्म, उस दिन दूसरा ले जाएगा।"

ताऱ्याचं संतुलन समजावण्यात माझी उभी नोकरी गेली. गुरुत्वाकर्षण आत ओढतं, उष्णता बाहेर ढकलते, हे मी फुगा घेऊन सांगितलं, भाताच्या कुकरची शिट्टी घेऊन सांगितलं. दोन इंजिनं मला कधी सुचली नाहीत. आणि आतला हिशेब त्यांना अचूक ठाऊक होता. मी स्वयंपाक करता करता पाठ म्हणायची, तेव्हा ते पेपरमागे झोपलेले आहेत असं मला वाटायचं.

"और बड़े वाले तारे?" असलम भैयांनी विचारलं.

"वो मेल गाड़ी। कोयला ज़्यादा, पर झोंकते भी ज़्यादा। जल्दी निपट जाते हैं। बड़ा धमाका करके जाते हैं। जाते-जाते लोहा-सोना सब बिखेर जाते हैं। तुम्हारे फ्रिज का लोहा भी किसी ऐसे ही का है, असलम।"

"तभी इतना महँगा पड़ता है," असलम भैया म्हणाले.

भाभी पुढे झाल्या. पदर डोक्यावर घेऊन त्यांनी त्या गोलाला आधी नमस्कार केला, मग विचारलं, "भैया, जो सोई एक दिना बुझ जैहे?"

हाही एक दिवस विझणार का. हा प्रश्न मला दर शोनंतर यायचा. माझं उत्तर ठरलेलं होतं: घाबरू नका, पाच अब्ज वर्षं आहेत. लोक हसायचे आणि चहाला जायचे. आता मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मिटलं, कारण प्रश्न ज्याला विचारला होता तो उत्तर द्यायला समर्थ होता.

"बुझ जैहे, भौजी," श्रीधर म्हणाले. त्यांनी प्रथमच बुंदेली धरली. "रिटायर तो सबखों होने। जाकी आधी नौकरी हो गई, आधी धरी।" याची अर्धी नोकरी झाली, अर्धी शिल्लक.

"और तुमाई?" तिवारीजींनी विचारलं. गार्ड लोक असं विचारू शकतात.

"हमाई तो सिग्नल पर खड़ी है।"

भाभींनी तिवारीजींच्या दंडाला चिमटा काढला. असलम भैयांनी दुकान उघडं आहे असं पुटपुटत पाय काढता घेतला. पाठोपाठ तेही दोघे गेले.

सूर्य एका जागी राहत नाही. आरसा न हलवता ठेवला तर कवडसा दोन मिनिटांत आपल्याच रुंदीइतका सरकतो. पृथ्वी फिरते ती अशी भिंतीवर दिसते. सकाळी सूर्य वर चढत असतो, त्यामुळे कवडसा खाली येतो, तिरकस. तोवर भाचा मधूनमधून अंदाजाने कणीक दाबून तो वर आणत होता. आता भाचाही कंटाळून खाली गेला असावा, कारण गोल एकसारखा उतरायला लागला. फोटोफ्रेमच्या खिळ्याखाली आला, मग आणखी खाली, श्रीधरांच्या खांद्याच्या जरा वर.

"थांबा, मी कुणाला तरी सांगते," मी म्हणाले.

"राहू दे. येऊ दे त्याला."

त्यांनी डावा हात गादीवरून उचलला आणि त्याची पाठ भिंतीला टेकवून तळवा उघडा ठेवला. तेवढ्यानेही त्यांना धाप लागली. मी कोपराखाली उशी सारली. गोल खाली सरकत आला. आधी त्याची कड बोटांच्या टोकांवर चढली, मग बोटं, मग सगळा हात सूर्यात. हात लहान पडला, सूर्य चारही बाजूंनी बाहेर राहिला. डाग करंगळीच्या मुळाशी आला आणि तिथून तळव्याच्या रेषांवरून हळू चालत गेला. त्यांनी बोटं जरा मिटली, पुन्हा उघडली. तो होताच.

"ऊब लागते," ते म्हणाले.

लागायला नको होती. हरभऱ्याएवढ्या भोकातून आलेलं ऊन ताटाएवढं पसरलं की त्यात ऊब राहत नाही. एवढा हिशेब मी झोपेतही करते. मी माझा हात त्यांच्या हातावर ठेवला. माझ्या हाताच्या पाठीवर सूर्य आला, आणि त्याखाली त्यांचा तळवा खरोखरच कोमट होता.